भीमगीतांच्या वाटेवर: फिरत्या गायकाचा गळा आणि जीव

एप्रिलमधली रात्र होती. तालुक्याच्या गावी जयंतीचा कार्यक्रम. गायक पन्नाशीच्या आसपासचे, स्वतः गाणी लिहून गाणारे. कार्यक्रम सातला सुरू होणार होता. पण पाहुणे उशिरा आले, मग सत्कार, मग भाषणे. गाण्याची पाळी आली तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. तिसऱ्या गाण्यात त्यांची ओळ चुकली. पुन्हा तीच ओळ घेतली, पुन्हा चुकली. पाय लटपटायला लागले आणि ते पेटी वाजवणाऱ्याच्या शेजारी बसले. पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडले, "जयंतीला पिऊन आला!"

मी महिला मंडळाबरोबर समोरच बसले होते. स्टेजवर जाऊन त्यांचा हात हातात घेतला. हात गार, आणि सदरा घामाने ओला. तोंडाला दारूचा वासही नव्हता. विचारले, "दादा, शुगरची गोळी चालू आहे का?" त्यांनी मान हलवली. गोळी सात वाजता घेतली होती आणि दुपारी बारानंतर पोटात काहीच नव्हते. समोरच्या चहाच्या टपरीवरून साखर आणली, पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांत माणूस नीट बोलू लागला. निघताना मला म्हणाले, "ताई, उतरलेली शुगर चढली. पण 'पिऊन आला' हा शिक्का आता कसा उतरणार?"

हा लेख त्या प्रश्नामुळे लिहीत आहे. आपली चळवळ गाण्यावर वाढली. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा कर्डकांचे गावोगाव फिरणे, हे आपण अभिमानाने सांगतो. वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. त्यांनी हजारो गीते लिहिली आणि १५ मे २००४ रोजी जाईपर्यंत त्यांची ओळख गाणे घेऊन वस्त्या-वस्त्यांत जाणारा माणूस अशीच राहिली. आजही शेकडो कवी-गायक, गायिका, कोरस, ढोलकीवाले, बेंजोवाले याच वाटेने चालले आहेत. त्यांचे गाणे आपण ऐकतो. त्यांच्या शरीराकडे मात्र कुणी बघत नाही, आणि तेही बघत नाहीत.

हंगाम कसा असतो

गायन पार्टीचे वर्ष सरळ चालत नाही. १ जानेवारी भीमा कोरेगाव, ३ जानेवारी सावित्रीमाईंची जयंती, ७ फेब्रुवारी रमाई जयंती. मग ११ एप्रिल, १४ एप्रिल, आणि तिथून बुद्ध पौर्णिमेपर्यंत रोज वेगळे गाव. पावसाळ्यात हाताला काम नाही. पुन्हा धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबर. म्हणजे वर्षाची बरीचशी कमाई दीड महिन्यात, तीही सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांत करायची. म्हणून ताप आला तरी तारीख सोडत नाहीत, आवाज बसला तरी सोडत नाहीत. हे अज्ञान नाही, पोटाची अडचण आहे. त्यामुळे "विश्रांती घ्या" एवढे सांगून माझे काम संपत नाही. त्या धावपळीतही काय करता येईल, ते पाहू.

गळा बसतो म्हणजे काय होते

आपल्या स्वरयंत्रात दोन पातळ पट्ट्या असतात. लांबी एक ते अडीच सेंटीमीटर. श्वास बाहेर येताना त्या एकमेकींवर आपटतात आणि आवाज होतो. साधे बोलताना पुरुषाच्या पट्ट्या सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा आपटतात, स्त्रीच्या दोनशेच्या आसपास. वरच्या सप्तकात हा आकडा चारशेच्या पुढे जातो. तीन तास उंच पट्टीत गायचे म्हणजे या इवल्याशा पडद्यांवर लाखो टाळ्या. त्या सुजतात, जड होतात, आवाज घोगरा येतो. सूज असतानाच रोज ओरडून गात राहिले तर तिथे घट्टे पडतात. फावडे मारणाऱ्याच्या तळहाताला पडतात तसेच.

यात आपल्या स्टेजची भर पडते. गायकाकडे तोंड केलेला स्पीकर बहुतेक ठिकाणी नसतो. समोर साउंडच्या भिंती, मागे जनरेटर. स्वतःचा आवाज कानावर आला नाही की माणूस नकळत जोर लावतो. म्हणून साउंडवाल्याला आधीच सांगावे, "एक स्पीकर माझ्याकडे वळव." पैसे लागत नाहीत आणि गळा वाचतो. कानही वाचतो. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसतो, पण दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला कानाला फक्त पंधरा मिनिटे मिळतात. वाजवणाऱ्यांनी मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे बोळे वापरावेत. कापूस त्याचे काम करत नाही.

गळ्यासाठी या गोष्टी पाळा:

- दिवसभर थोडे थोडे पाणी प्या. स्टेजवर चढताना गटागट प्यायलेले पाणी अन्ननलिकेत जाते, स्वरपट्ट्यांवरून नाही. शरीरातून तिथे ओलावा पोहोचायला वेळ लागतो.
- साध्या पाण्याची वाफ दिवसातून एक-दोन वेळा घ्या. ती थेट पोहोचते.
- गाण्याआधी दहा मिनिटे खालच्या पट्टीत गुणगुणून गळा तापवा. कार्यक्रम संपल्यावरही पाच मिनिटे तसेच करा.
- सारखे खाकरू नका. आवाज बसला की कुजबुजून बोलणे हा आराम नव्हे, त्यानेही ताण येतो. गप्प राहणे हाच आराम.
- गळा दुखतो म्हणून गाण्याआधी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नका. त्यांनी रक्त पातळ राहते आणि जोर लावताना स्वरपट्टीत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.
- थंड करणाऱ्या चघळायच्या गोळ्या दुखणे झाकतात, बरे करत नाहीत. सर्दीच्या अनेक गोळ्या गळा कोरडा पाडतात.

आणखी एक गोष्ट हात जोडून सांगते. "एक सुई मारली की गळा मोकळा होतो" असे सांगणारे डॉक्टर हंगामात गावोगाव भेटतात. ती सुई बहुधा स्टेरॉइडची असते. सूज तात्पुरती उतरते, माणूस आणखी जोरात गातो आणि इजा वाढते. मधुमेह असेल तर साखर भडकते. तज्ज्ञ डॉक्टर दुर्बिणीतून गळा तपासून क्वचित ते देतात. पण टपरीवर सोडा प्यावा तशी ती घ्यायची वस्तू नाही.

तीन आठवडे ही सीमा. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त घोगरा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्याच. ही सोय जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मिळते. तंबाखू, मिश्री, गुटखा, विडी यांतले काही असेल तर अजिबात थांबू नका. स्वरयंत्राचा कर्करोग लवकर सापडला तर बहुतेकदा बरा होतो आणि आवाजही वाचू शकतो. पण "गायकाचा गळा आहे, बसायचाच" म्हणत आपण सहा महिने घालवतो.

रात्री एकचे जेवण

कार्यक्रम संपल्यावर जेवण. मटण-भाकरी, तिखट रस्सा, आणि लगेच टेम्पोत आडवे. पोटातले आम्ल झोपेत वर चढते आणि थेट स्वरयंत्रावर येते. छातीत जळजळ होतेच असे नाही. सकाळी आवाज जड, घशात गोळा अडकल्यासारखे, सारखे खाकरावेसे वाटणे, ही त्याची खूण. यावर उपाय म्हणजे मुख्य जेवण सायंकाळी सहाच्या सुमारास आणि कार्यक्रमानंतर हलके काही: वरण-भात, एखादे केळे. झोपताना नुसती उशी वाढवू नका, छातीपासूनचा भाग उंच राहील असे टेका.

आता मधुमेहाचे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि जेवण लांबले की साखर खाली येते. घाम, हातापायांना कंप, धडधड, चिडचिड, शब्द न आठवणे, तोल जाणे. बघणाऱ्याला हे सारे दारूसारखेच दिसते. त्या रात्री तेच झाले. म्हणून नियम साधा: ताट समोर आल्याशिवाय गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचे नाही. वेळ तुमच्या हातात नसेल तर डॉक्टरांना आपले खरे वेळापत्रक सांगा. "मी रात्री एकला जेवतो" हे ऐकून ते गोळी बदलू शकतात.

साखर उतरली तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा द्या, मग काहीतरी खायला घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. पार्टीतल्या किमान दोघांना हे माहीत असावे आणि खिशात साखरेची पुडी असावी.

इन्सुलिनची बाटली टेम्पोच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात बंद गाडीत ते खराब होते. नुसत्या बर्फावरही नको, गोठले तर तेही वाया. ओल्या फडक्यात गुंडाळलेला छोटा डबा किंवा पाणी शिंपडलेले मडके पुरते.

ऊन, पाणी आणि सिकलसेल

दुपारी बाराला टेम्पो निघतो, पत्रा तापलेला, आत आठ माणसे आणि वाद्ये. लघवी पिवळीजर्द झाली, डोके दुखू लागले, पायात गोळे आले की समजा पाणी कमी पडते आहे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. सपाट चमचे मोजा, अंदाज नको. पाकिटातले ओआरएस मिळाले तर उत्तमच. अंग तापलेले आणि माणूस बरळायला लागला तर तो उष्माघात आहे. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि रुग्णवाहिका बोलवा. डोक्यावर हात ठेवून वाट बघू नका.

विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासी बांधवांमध्ये सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग असह्य वेदना होतात. वाहक असलेल्याला एरवी काही होत नाही. पण आजार असलेल्याला पाणी कमी पडणे, अति थकवा, ताप, दारू आणि पहाटेची थंडी यांतले काहीही पुरते. म्हणजे दौऱ्यावरच्या गायकाचे आयुष्यच. पार्टीतला एखादा पोरगा सारखा "सांधे दुखतात" म्हणतो, डोळे पिवळे दिसतात, त्याला कामचुकार म्हणू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताचा एक थेंब देऊन सोल्युबिलिटी तपासणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची तपासणी करून वाहक की रुग्ण ते कळते. तपासणी लग्न जुळवण्याआधीही करावी, हे वेगळे सांगायला नको.

गायिकांचे प्रश्न वेगळे आहेत

एका गायिकेने मला सांगितले, "ताई, मी दुपारपासून पाणीच पीत नाही. गेल्यावर बाईला जायला जागा नसते." दर हंगामात तिला लघवीची जळजळ आणि ताप. हा जंतुसंसर्ग आहे आणि त्याचे मूळ कारण शौचालय नसणे हे आहे. पाणी न पिणे आणि लघवी तुंबवणे यांनी तो होतो, आणि वर गळाही कोरडा पडतो. तिला औषध दिले, पण खरे औषध आयोजकांच्या हातात होते: स्टेजजवळचे एक घर, कडी असलेला संडास, एक बादली पाणी.

पाळीच्या आधीचे दोन-चार दिवस शरीरात पाणी साठते आणि काहींच्या स्वरपट्ट्याही थोड्या सुजतात. वरचे सूर लागत नाहीत, आवाज चिरतो. यात लाजण्यासारखे काही नाही. त्या दिवसांत पट्टी अर्ध्या-एका सुराने खाली घ्या आणि पेटीवाल्याला तसे स्पष्ट सांगा. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या दर जयंतीला मनाने घेऊ नका. रक्तदाब, अर्धशिशी, पायात रक्ताच्या गाठी झाल्याचा इतिहास असेल तर त्या धोक्याच्या ठरू शकतात. रक्तस्राव जास्त आणि थकवा असेल तर हिमोग्लोबिन तपासा. दम कमी पडतो तो रियाजाने भरून येत नाही, लोहाने येतो.

आणि सुरक्षितता. बक्षिसाची नोट हातात देताना हात धरणारे, कपडे बदलायच्या खोलीत डोकावणारे आपल्यातही आहेत. बाबासाहेबांच्या जयंतीला बाईला मान खाली घालावी लागत असेल तर ती जयंती कुणाची? नोट थेट हातात नको, पेटीवर ठेवावी, हा नियम समितीने माइकवरून जाहीर करावा.

पहाटेची गाडी आणि माइकचा शॉक

रात्रपाळी केलेल्या नर्सला ठाऊक असते, पहाटे तीन ते पाच ही वेळ शरीर झोपेलाच मागते. डोळे उघडे असतात आणि मेंदू काही सेकंद झोपतो. ताशी ६० किलोमीटरला तीन सेकंदांत गाडी पन्नास मीटर पुढे जाते. चहा, तंबाखू, मोठ्याने गाणी यांनी ही झोप थांबत नाही. ड्रायव्हरने कार्यक्रम बघू नये, त्या वेळात झोपावे. त्याचे जेवण पार्टीच्या आधी व्हावे. एवढे जमले नाही तर रात्री तिथल्याच विहारात मुक्काम करून उजाडल्यावर निघा. स्पीकर आणि पेट्या दोरीने बांधा. अचानक ब्रेक लागला की सुटी वस्तू आतल्या माणसालाच लागते.

उघड्यावरच्या स्टेजला, विशेषतः जनरेटरवर, अर्थिंग नसते. ओल्या हाताने, अनवाणी, ओल्या जमिनीवर उभे राहून माइक धरू नका. साउंडवाल्याकडून टेस्टर लावून घ्या आणि माइकला फोमची टोपी घाला. ओठाला झिणझिण्या आल्या तर गाणे तिथेच थांबवा.

छातीचे दुखणे

लोकशाहीर विठ्ठल उमप नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच कोसळले आणि गेले. त्या जाण्याला आपण मानाने आठवतो. पण प्रत्येक कलावंताचा शेवट स्टेजवर व्हावा अशी इच्छा मी नर्स म्हणून करू शकत नाही. छातीवर दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, घाम, दम लागणे, बायकांमध्ये कधी नुसतीच मळमळ आणि विलक्षण थकवा. यातले काही झाले तर गॅस समजून सोडा पिऊ नका. जवळच्या रुग्णालयात लगेच ईसीजी काढा. रक्तदाबाची गोळी दौऱ्यावर बंद करायची नसते, तिथेच तिची जास्त गरज असते.

दारू आणि टाळ्यांनंतरची शांतता

आपल्या पंचशीलातले पाचवे शील सर्वांना पाठ आहे. तरी कार्यक्रम संपल्यावर गायकाला बाजूला घेऊन बाटली देणारे आयोजक मी पाहिले आहेत, आणि तेच दुसऱ्या दिवशी त्याला नावे ठेवतात. दारूने स्वरपट्ट्या कोरड्या पडतात, आम्ल वर येते, मोडकी झोप आणखी मोडते. पण केवळ उपदेश करून भागणार नाही. हजारो लोकांसमोर दोन तास गाऊन माणूस रिकाम्या खोलीत येतो. शरीर पेटलेले असते, झोप येत नाही. घरचे झोपलेले असतात. मग जून उजाडतो, फोन वाजणे थांबते, उसनवारी सुरू होते. या एकटेपणात अनेकांचे व्यसन लागते.

त्या तासासाठी काहीतरी ठरवून ठेवा. हातपाय धुवा, दिवे कमी करा, वीस मिनिटे बसून येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे नुसते लक्ष द्या. आनापान आपल्याच परंपरेतले आहे, आणि पोटातून सावकाश श्वास घेण्याची ही सवय गायकाचा दमही वाढवते. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर बोला. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते.

समितीने काय करावे

वरच्या निम्म्या गोष्टी गायकाच्या हातात नाहीत. त्या जयंती उत्सव समितीच्या हातात आहेत. पावतीपुस्तक छापताना हेही ठरवा:

- गाण्याची वेळ ठरलेली. सत्कार गाण्यानंतर.
- कलावंतांना सहा वाजता जेवण. ड्रायव्हरसाठी अंथरूण.
- गायिकांसाठी कडी लागणारी खोली आणि संडास.
- स्टेजवर साध्या पाण्याचा माठ, ओआरएस आणि साखर.
- ठरलेले मानधन त्याच रात्री, पूर्ण.
- दारू नाही. पाजणारा समितीत नाही.

कलावंतांनी पावसाळ्याच्या रिकाम्या दिवसांत रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, कान आणि गळा तपासून घ्यावा. रेशनकार्ड आणि आधार नीट करून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती घ्यावी. उतारवयातल्या कलावंतांसाठी शासनाची मानधन योजना आहे, तिची चौकशी पंचायत समितीत करावी. कागद जमत नसतील तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी हे काम अंगावर घ्यावे. ज्यांच्या गाण्यांनी आपल्याला शाळेत जायचे बळ दिले, त्यांचा एक फॉर्म भरून देणे जड नाही.

त्या गायकदादांना यंदा आमच्या वस्तीत बोलावले होते. सायंकाळी सहाला जेवण, मग गोळी, आठला गाणे. सुरू करण्याआधी मी माइक घेऊन दोन मिनिटे बोलले. साखर उतरते म्हणजे काय, आणि तेव्हा माणूस कसा दिसतो, एवढेच सांगितले. मग त्यांनी दोन तास गायले. एक ओळही चुकली नाही.

जय भीम, नमो बुद्धाय.